सरकवलेला तारा

मी ट्रेसिंग पेपरचा एक ताव बोलतोय. कैरोच्या फग्गाला भागातल्या कागदवाल्यांकडून मला उस्ताद लबीबनी विकत आणलं. कैरोतल्याच शुब्रा भागातल्या शाळेत भूगोल शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. गिझाचे तीन पिरॅमिड म्हणजे मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे जमिनीवर उतरवलेले आहेत, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि त्यांना ध्यासच लागला.

आकाशाचा नकाशा माझ्यावर काढायचा होता, पण त्यांचे हात थरथरत. म्हणून ठिपके काढले त्यांच्या बायकोनं, इन्साफनं. तिचा जन्म नवरीमुलींच्या कपड्यांवर भरतकाम करण्यात गेला होता. पेन टेकवताना ती श्वास रोखायची.

मग मला गिझाच्या नकाशावर ठेवलं. फिरवत फिरवत तीन ठिपके तीन पिरॅमिडांवर बसले! उस्ताद टाळ्या वाजवत उठले.

"अहो, पण उत्तर खाली गेली की," इन्साफ म्हणाली. "वर्गात कुणी असा उलटा नकाशा धरला असता, तर कान पिळला असतात त्याचा."

"फारोंची रीत वेगळी असेल."

"असेल, असेल. ते साडेचार हजार वर्षं थांबलेत, मुलुखियाची भाजी थांबायची नाही. जेवायला चला."

पुढे गिझाच्या उत्तरेकडचा अबू रवाशचा पिरॅमिड अडून बसला. तिथे मृगातलाच आणखी एक तारा यायला हवा होता. तो बोटभर बाजूला पडे. उस्तादांनी नकाशे बदलले, मोजमापं बदलली. आठ वर्षं गेली. "एकदा अलेक्झांड्रियाला न्या हो, समुद्र बघू," असं इन्साफ म्हणे. "एवढं जुळलं की जाऊ," असं ते म्हणत. माणसं असं म्हणतात तेव्हा खोटं बोलत नसतात, एवढं मी पाहिलंय.

मग इन्साफची किडनी गेली. ती अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास गल्लीतल्या वाचनालयानं उस्तादांना व्याख्यानाला बोलावलं. त्या सकाळी ते मला घेऊन तिच्या उशाशी बसले. अबू रवाशच्या ताऱ्याचा जुना ठिपका त्यांनी ब्लेडनं खरवडून टाकला होता.

"इन्साफ, एकच ठिपका दे. इथं."

तिनं चष्मा लावला. "तारा आहे का तिथं?"

"नाही."

"मग?"

"एक चुकलं की बाकीचं कुणी ऐकूनच घेत नाही गं."

तिनं मला जवळ ओढलं. मग श्वास रोखून तिनं ठिपका दिला. पेन हातातून गळून पडलं.

वाचनालयात मला दिव्याच्या यंत्रावर ठेवलं आणि मी भिंतभर पसरलो. माझी जखमही पसरली. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं नम्रपणे विचारलं, "उस्ताद, त्या ताऱ्याशेजारी काय खरवडलंय?"

उस्ताद म्हणाले, "खरा तारा तिथं होता. मी सरकवला." बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला गुंडाळलं आणि ते निघाले.

"कसं झालं?" इन्साफनं विचारलं.

"छान. आता अलेक्झांड्रियाला जाऊ."

"आता कसली जाते मी!" ती हसली. अकराव्या दिवशी ती गेली. त्या सकाळनंतर तिच्या हातानं पेन काय, सुईसुद्धा धरली नव्हती.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर उस्तादांनी मला टेबलावर पसरलं. खोटा ठिपका काढून खरा तारा जागेवर ठेवायचा होता त्यांना. ब्लेड टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. शेवटी ते माझ्यावर कपाळ ठेवून रडले आणि शाई थोडी फुटली.

तेव्हापासून मी कपाटाच्या माथ्यावर, पुठ्ठ्याच्या नळीत आहे. कडा पिवळ्या पडून तुटू लागल्यात. उद्या हे घर आवरायला कुणी येईल, नळी उघडेल. माझी एकच विनंती आहे. त्या ठिपक्यावरून आकाशाबद्दल काहीही ठरवू नका. त्यात आकाश नाहीच. एका बाईनं नवऱ्याचं मन राखलं, तेवढंच तिथं उमटलंय.