आता मी टबात ठेवलं असतं

पट्टीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. मुरगळलेल्या घोट्याला चिकटपट्टी बांधताना बाईंच्या हातून एकही सुरकुती पडायची नाही, म्हणून. मैदानावर खेळाडूंच्या दुखापतींकडे बघणारे प्रशिक्षक एका कॉलेजात तयार होत, आणि बाई तिथे तेवीस वर्षं शिकवत होत्या. आपल्या हाताखालून गेलेला विद्यार्थी कुठे कमी पडत नाही, असं त्या बिनदिक्कत सांगत.

त्यामुळे प्रत्येक शिक्षकाने आपल्या शिकवण्यावर संशोधन करावं आणि ते शिकायला दर बुधवारी वर्गाला बसावं, असं फर्मान प्राचार्यांनी काढलं तेव्हा सगळ्यांत आधी नाक मुरडलं ते बाईंनी. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा बाकावर बसणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

वर्ग घ्यायला बाहेरून एक संशोधिका यायची. वयाने बाईंच्या जवळपास निम्मी, आवाज मऊ, पण एखादी गोष्ट धरली की पिच्छा न सोडणारी. पहिल्या बुधवारी तिने प्रत्येकाला विषय विचारला. हल्लीच्या मुलांचं लक्ष नसतं, हा आपला विषय, असं बाईंनी ठोकून दिलं. संशोधिकेने ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, की हे मोजणार कसं, आणि तुमचं चुकत असेल तर ते कळणार कसं. शेजारी बसलेले व्यायामशास्त्राचे सर खोकल्याचं निमित्त करून हसले.

"ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न घेऊ नका," ती म्हणाली. "ज्याच्या उत्तराची थोडी भीती वाटते, तो घ्या."

बाईंना त्या क्षणी मुनी आठवला.

मुनी त्यांचा विद्यार्थी. मोजकं बोलायचा म्हणून हे नाव. तीन वर्षांपूर्वी एका फुटबॉल संघाबरोबर तो कामाला होता. भर उन्हात सराव चालू असताना एकोणीस वर्षांचा एक खेळाडू बरळायला लागला आणि कोसळला. मुनीने रुग्णवाहिका बोलावली, पोराला सावलीत नेलं, कपाळावर ओला टॉवेल ठेवला आणि वाट पाहिली. गाडी यायला सव्वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. उष्माघातात माणसाला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं, दवाखाना नंतर. आणि टब, बर्फ, पाणी, सगळं मैदानाच्या कडेलाच होतं. चौकशी समितीने बाईंना बोलावलं. बाईंनी मुनीची गुणपत्रिका पुढे ठेवली. उष्माघाताच्या प्रात्यक्षिकात दहापैकी दहा. आम्ही शिकवलं होतं, त्याला येतही होतं, असं त्या म्हणाल्या. येत असून केलं नाही, एवढ्यावर मुनीचा परवाना रद्द झाला.

तेव्हापासून ते शल्य बाईंच्या मनात होतं. म्हणून त्यांनी प्रश्न ठरवला: आपण शिकवलेला उष्माघाताचा उपचार विद्यार्थ्यांच्या हातात किती वर्षं टिकतो? मुनीचं एक उदाहरण अपवाद होतं, बाकीच्यांना येतं, हे एकदा कागदावर यावं, अशी त्यांची मनोमन इच्छा होती.

काम मात्र त्यांनी मनापासून केलं. संमतीचा कागद कसा लिहायचा, गुण देणाऱ्याला विद्यार्थी कोण ते कळता कामा नये, दोघांनी वेगवेगळे गुण देऊन मग ताडून पाहायचे, हे सगळं त्या शिकल्या. आपण स्वतः तपासायचं नाही, हे पचवायला त्यांना दोन बुधवार लागले. गेल्या दहा वर्षांतल्या सव्वीस माजी विद्यार्थ्यांनी यायचं कबूल केलं. कशाची परीक्षा ते आधी सांगायचं नव्हतं. शेजारच्या जलतरण तलावाकडून एक मोठा टब उसना आणला, त्यात बर्फ आणि पाणी भरलं, आणि शेजारी पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला उष्माघात झाल्याचं सोंग घ्यायला लावून झोपवलं. कोपऱ्यात कॅमेरा लावला. बाई दुसऱ्या खोलीत पडद्यासमोर बसल्या.

पहिली मुलगी आली. आता ती एका मोठ्या शाळेत काम करत होती. तिने नाडी पाहिली, अंगाचं तापमान घ्यायला हवं म्हणाली, फोन लावल्यासारखं केलं. मग टबापाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "आता मी टबात ठेवलं असतं." आणि गुण देणाऱ्या दोन अनोळखी परीक्षकांकडे बघत थांबली. टब तिच्या गुडघ्याला लागत होता.

दुसऱ्यानेही फोन केला आणि ओला टॉवेल मागितला. चौथ्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. अकराव्या मुलीने म्हटलं, चौदाव्या मुलाने म्हटलं, शब्दाला शब्द तसंच. ते वाक्य त्यांचंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी कॉलेजचा टब तळाशी फुटला. नवा मागितला, तो आला नाही. तेव्हा बाईंनी तोड काढली: प्रात्यक्षिकात टबापर्यंत आलं की विद्यार्थ्याने तोंडाने म्हणायचं, 'आता मी टबात ठेवलं असतं', आणि त्याचे तीन गुण घ्यायचे. फोन खरा उचलायचा, टॉवेल खरा भिजवायचा, टब मात्र म्हणण्यापुरता. हातांनी जे केलं होतं तेच त्यांना आठवत होतं.

बाईंची थोरली बहीण त्यांच्याबरोबर राहायची. जन्म टंकलेखनात गेलेला, त्यामुळे अहवाल तिनेच टाइप करायला घेतला. रुग्णाला खरोखर टबात किती जणांनी ठेवलं, त्या तक्त्यापाशी तिची बोटं थांबली.

"हे पाच बरोबर आहे का गं? का पंचवीस?"

"पाचच, ताई."

"सव्वीसांतले पाच?"

बाईंनी मान हलवली. ताईने पाच टाइप केलं.

संशोधिकेने अहवाल दोनदा वाचला. पद्धत चोख आहे, म्हणाली. प्राचार्यांनी एकदाच वाचला आणि दार लावून घेतलं. उष्माघाताऐवजी घोट्याच्या पट्टीवर संशोधन करा, सव्वीसांतले सव्वीस पास होतील, असं त्यांनी सुचवलं. बाईंनी नकार दिला. तेव्हा कॉलेजच्या नावाने हा अहवाल जाणार नाही, असं ठरलं. बाईंनी तो स्वतःच्या नावाने चौकशी समितीला पाठवला, सोबत चिठ्ठी जोडली, की दहापैकी दहा गुण म्हणजे येत होतं असं नव्हे, माझी साक्ष चुकीची होती. महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालेलं आहे.

मुनी फरशांच्या गोदामात कामाला होता. बाई तिथे गेल्या तेव्हा तो खोकी मोजत होता. केस पांढरे व्हायला लागले होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, टब, तीन गुण, पाचाचा आकडा, आणि समितीपुढे आपण काय बोललो तेही.

"मला वाटायचं, मी घाबरलो म्हणून विसरलो," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्षं मी तेच आठवत बसायचो, की टबाचं डोक्यात आलं होतं का नव्हतं. आलं होतं, बाई. मी ते वाक्य मनात म्हटलं होतं."

बाईंना त्याची माफी मागायची होती. शब्द पाठ करून आणले होते. त्याने ते ओठांवर येऊच दिले नाहीत.

"पोराच्या आईला सांगितलंत?" त्याने विचारलं.

रविवारी दोघं मिळून गेले. आई घरात कपड्यांच्या घड्या घालत होती. मुनीला पाहून तिने हातातला सदरा खाली ठेवला, पण हाकललं नाही. बाईंनी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. तिने मध्येच एक प्रश्न विचारला.

"टबात ठेवलं असतं तर वाचला असता?"

बाईंनी तेवीस वर्षं वर्गात याचं उत्तर दिलं होतं. "बहुतेक," त्या म्हणाल्या. "लगेच ठेवलं असतं तर, बहुतेक."

आईने मान डोलावली. मग मुनीकडे वळून ती म्हणाली, "तू जा." आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही पण." तिचा आवाज चढला नव्हता. दार तिने हळूच लावलं.

कोपऱ्यापर्यंत दोघं बरोबर चालले. परवान्यासाठी पुन्हा अर्ज करशील का, मी साक्ष देईन, असं बाईंनी विचारलं. मुनीने नाही म्हटलं. फरशी फुटली तर दुसरी आणता येते, म्हणाला, आणि आपल्या वाटेने गेला.

पुढच्या सत्रात बाईंकडून उष्माघाताचा तास काढून घेण्यात आला. सव्वीसांपैकी ज्यांनी रुग्णाला टबात ठेवलं नव्हतं, त्या एकवीस जणांना, खरा टब भरून सराव करा असं सांगायला, बाईंनी एकेक करून फोन लावले. सगळे अजून मैदानांवर काम करत होते. चौघांनी उचलला नाही. बाई त्यांना रोज लावत राहिल्या.