एकेचाळीस शिकारी कुत्री

‘भोजनगृहातील चौकटीत लावलेली एकेचाळीस नावे ही या घराचे संस्थापक कॅप्टन टर्बट यांच्या लाडक्या शिकारी कुत्र्यांची आहेत. परदेशातील कापसाच्या मळ्यावरून परतून हे घर बांधणाऱ्या या दिलदार गृहस्थाचे मुक्या प्राण्यांवरील प्रेम त्यातून दिसते.’

समारंभांसाठी भाड्याने मिळणाऱ्या ड्रमकॅरो हाऊस या जुन्या वास्तूच्या इंग्रजी इतिहासपुस्तिकेतले हे तिसरे पान डॉ. विजयालक्ष्मी चांदोरकरांनी तीनदा वाचले आणि चहाचा कप दूर सारला. त्या पुण्याहून आयर्लंडमधल्या नावनला आल्या होत्या नातीच्या बारशासाठी. मुलाने, सारंगने, शनिवारी हेच भोजनगृह ठरवले होते. बाईंची तीस वर्षे पेशवे दफ्तरात गेली आहेत हे कळताच घराचा व्यवस्थापक मुकुल सरपोतदार पुस्तिका घेऊन धावत आला होता. विदुषीची सही असेल तर परगण्याचे ग्रंथालय ती संग्रहात ठेवणार होते. कौतुक कोणाला कडू लागते? बाईंनी होकार दिला होता.

आता त्या चौकटीसमोर उभ्या राहिल्या. क्युपिड, पॉम्पी, व्हीनस इथवर ठीक. पण पुढे ‘म्हातारी फीबी’, ‘फीबीची सॅली’ आणि ‘शिवणारी सॅली’. शिवणकाम जाणणारी कुत्री मीथ परगण्यात कोणी पाहिली असल्यास त्याची नोंद नव्हती. शिवाय यादीचा घाट बाईंच्या ओळखीचा होता. मोडीतल्या कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, अशा याद्या त्यांनी शेकड्यांनी वाचल्या होत्या: नाव, वय, काम, व्यंग. स्वतःच्या घरची मोरी ज्याने उपसली आहे, त्याला परक्या घरची वासावरून कळते.

मळ्यावरच्या गुलामांच्या अशा याद्या दोन प्रतींत करीत. बाईंनी चौकशी केली तेव्हा दुसरी प्रत डब्लिनच्या एका संग्रहात निघाली आणि गुरुवारी तिचे छायाचित्र आले. तीच नावे, तोच क्रम, तेच अक्षर. फीबी, वय बावन्न, कापूस वेचते, एक डोळा नाही. शिवणारी सॅली, एकोणीस, कपडे शिवते. सर्वांत शेवटी धाकटी फीबी: वय बारा दिवस, उपयोग अद्याप नाही.

बारा दिवस.

शुक्रवारी सकाळी मुकुल भोजनगृहात पाळण्याला फुले बांधून घेत होता.

“झाली का सही, मॅडम? दुपारी छापायला जातंय.”

“मुकुल, ही कुत्री शिवायची?”

“टोपणनावं हो! योर मॅन, म्हणजे तो कॅप्टन, जरा मिश्कील होता म्हणतात. इथे समारंभांना येणाऱ्या आपल्या पोरांचा तर खेळच आहे, प्रत्येकानं एकेक कुत्रं व्हायचं. उद्या बघाच, काय क्रॅक असतो, नुसती धमाल!”

बाईंनी दुसरी प्रत पुढे ठेवली. त्याने ती न वाचताच घडी घातली. अनोळखी कागद माणूस वाचतो. घडी ओळखीच्या कागदाची घालतो.

“आपल्याकडे काय कमी होतं, मॅडम? पेशव्यांच्या पुण्यात बायका विकत नव्हते?”

“विकत होते. म्हणून तर मी ओळखलं. पण त्यांना घोड्या म्हणून कोणी शनिवारवाड्यावर टांगलेलं नाही.” त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवून उलटी केली. मागे नावनच्याच चौकटवाल्याची चिठ्ठी, दोन वर्षांपूर्वीची. आतला पुठ्ठा असा बेतून कापलेला, की नावे तेवढी दिसावीत आणि वय-काम झाकले जावे. “हा कोणी कापला?”

मुकुल हसला. “उद्या तुमच्याच नातीचं बारसं आहे. सगळं ग्रँड होऊ दे की.”

सही नाही आणि बारसेही इथे नको, असा निरोप बाईंनी धाडला; तासाभरात सारंगचा फोन आला. “आई, एका सहीवरून वाद? साठ माणसं मी ऐनवेळी नेऊ कुठे?”

“घरी. पंगती पाडू.”

“तीन खोल्यांत?”

“तीन खोल्यांत. या भिंतीखाली तुझ्या मुलीच्या कानात नाव सांगितलं जाणार नाही. इथे आधी एका बारा दिवसांच्या मुलीचं नाव लागलंय, आणि ते लोक कुत्रीचं म्हणून वाचतात.”

सारंग म्हणाला, “पाळणा कुठून आणू, तेवढं सांग.”

बाई अजून पाळण्यापाशीच असलेल्या मुकुलकडे वळल्या. “सही करते. पण तिसरं पान मी लिहीन, आणि त्याला तळटीप लागेल. यादी अर्धी का दिसते, हे तू मला लिहून दे. जे लिहिशील ते जसंच्या तसं छापेन.”

“तळटिपा कोण वाचतं, मॅडम!” मुकुलचा जीव भांड्यात पडला. “आणि ग्रंथालयात मराठी कुणाला येतंय? लिहा काय ते.” फुलांची परडी बाजूला सारून त्याने तिथेच, उभ्याउभ्या, फोनवर संदेश लिहून पाठवला.

दुपारी पुस्तिका छापायला गेली. तिसऱ्या पानावर एकेचाळीस माणसे होती, वयासकट, कामासकट. खाली विजयालक्ष्मी चांदोरकरांची सही, आणि सहीखाली मुकुलची तळटीप, आधी इंग्रजी भाषांतर, मग मूळ मराठी:

“हो, पुठ्ठा मीच कापून घेतला. आधी अख्खी यादी लावली होती. एका लग्नात लोकांनी ती वाचली आणि भरली ताटं सोडून उठले. माणसं म्हटलं की घास उतरत नाही, कुत्री म्हटलं की फोटो काढतात.”