न आठवणारा पापा

भिंगबाईंनी गोळ्यांची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, उलटी केली, सुलटी केली आणि मुदतीची तारीख दोनदा वाचली. तारीख बरोबर निघाली, तसा त्यांचा संशय आणखीच वाढला.

"साध्या फोडाला गोळ्या? आजवर व्हॅसलीन पुरायचं मला."

"साधा नाही तो, आई. हर्पिस आहे," सून आतल्या खोलीच्या दारातून म्हणाली. "आपल्या ओठावर येतो नि जातो. एवढ्याशा बाळाला झाला तर मेंदूपर्यंत जातो. तुमच्यासमोरच सांगितलं ना डॉक्टरांनी?"

"डॉक्टर म्हणाले पापा घेऊ नका. मांडीवर घेऊ नका असं कुठे म्हणाले?"

सून दारातून हलली नाही. डॉक्टर खरं तर म्हणाले होते, खपली पडून जाईपर्यंत पापा अजिबात नको. घ्यायचंच तर हात धुऊन, तोंड झाकून घ्या. सुनेने त्यातलं 'घ्या' तेवढं गाळून टाकलं होतं. बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झालेलं मूल. ती तरी काय करणार? पण हे भिंगबाईंना कोण सांगणार!

त्या शर्टांच्या कारखान्यात चेकर होत्या. शिवून आलेला शर्ट त्यांच्या टेबलावर पसरला, की सुटलेला टाका, तिरकी कॉलर, सैल बटण, काही म्हणता काही सुटायचं नाही. मशीनवरच्या बायकांनीच त्यांना 'भिंग' हे नाव दिलं होतं. ते नाव गल्लीभर झालं आणि त्यांनीही ते बिनतक्रार वापरलं. यजमान हयात होते तेव्हा बाजारातून आले की पिशवी हातात द्यायच्या आधीच "चुकलं" म्हणून मोकळे व्हायचे. आयुष्य दुसऱ्याची खोट काढण्यात गेलेलं. आता घरातली सगळी खोट त्यांच्याच खालच्या ओठावर येऊन बसली होती आणि नातू दोन हातांवर असून लांब होता. त्यांचा जीव नुसता तुटत होता.

गोळ्यांचा हिशेबही त्यांना खटकला होता. डॉक्टरांनी आधी रक्ताचा जुना रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुमची किडनी थकली आहे. हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं. म्हणून तुम्हाला बेताचंच देतोय. सकाळी एक, संध्याकाळी एक. पाणी भरपूर प्या. जास्तीची एकही नको." तेव्हा सून शेजारीच बसून मान डोलवत होती. ते मान डोलवणं भिंगबाईंच्या डोळ्यांत सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काजं करणाऱ्या बाईने पट्टी पाहिली.

"अगंबाई, ही तर माझीच! मला नागीण झाली होती ना, तेव्हा हीच दिली होती. दिवसातून पाच वेळा."

"पाच?"

"पाच. तुम्हाला किती?"

भिंगबाईंनी पट्टी पर्समध्ये टाकली. आता त्यांना सगळं कसं लख्ख दिसलं. दुसऱ्यांना पाच आणि आपल्याला दोन! फोड रेंगाळावा, म्हातारी दाराबाहेर राहावी, म्हणून सुनेनेच डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं असणार. नागीण वेगळी, ओठाचा फोड वेगळा आणि त्या बाईची किडनी तर अगदीच वेगळी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. येताना त्यांनी औषधाच्या दुकानात जुनी पट्टी दाखवून आणखी दोन घेतल्या. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, की काही विचारलं नाही. तिथे मात्र त्यांना शंका आली नाही.

त्या पाच घेऊ लागल्या. पाणी मात्र घोटभरच, कारण टेबल सोडून सारखं उठायला नको म्हणून कमी पिण्याची सवय जुनी होती.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती; दुपारी घरी त्यांना हातपाय जड वाटले. मग समोरच्या भिंतीवरून शर्ट सरकू लागले. एकामागून एक, सगळे पांढरे, सगळे बिनकॉलरचे. "थांबवा रे लाइन," त्या म्हणाल्या. कोणी थांबवेना. त्या उठल्या. पुढे पाळण्याचा गार दांडा हाताला लागला आणि दुधाचा वास आला. त्यापुढचं काही नाही.

सून अंघोळीहून आली तेव्हा सासू पाळण्यावर ओणवी होती. "ह्याला कॉलर का नाही लावली?" असं त्या बाळाला विचारत होत्या.

त्यांना दवाखान्यात नेलं. गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं आणि दोन दिवसांत भिंतीवरचे शर्ट गेले. "औषध चांगलंच आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "माप चुकलं. ते अंगात साठत गेलं आणि डोक्यावर चढलं." मुलाने घरी येऊन उशीखालच्या रिकाम्या पट्ट्या मुकाट्याने गोळा केल्या.

आणि त्याच आठवड्यात बाळाला ताप आला.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणाला ओठावर फोड?" दोन माना वळल्या. तिसरी मान खाली गेली. रिपोर्टची वाट न बघता तेच औषध, बाळाचं वजन करून, थेंबाथेंबाने त्याच्या शिरेत सुरू झालं. भिंगबाई बाहेर बाकावर बसल्या. मुलगा शेजारी येऊन बसला.

"आई, त्या दिवशी तू पापा घेतलास का गं?"

त्यांनी तो दिवस आठवून पाहिला. गार दांडा आठवत होता. वास आठवत होता. मध्ये नेमकी तेवढीच जागा कोरी होती. जन्मभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, पण स्वतःवर घ्यायची वेळ कधी आली नव्हती. आपल्याच ओठांचा त्यांना धाक वाटला. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला आणि रिपोर्ट येईपर्यंत काढला नाही.

हर्पिसचा रिपोर्ट स्वच्छ आला. ताप लघवीतल्या जंतूंमुळे होता. हर्पिसचं औषध थांबलं, दुसरं सुरू झालं, आणि बाळ रडत, हातपाय झाडत घरी आलं. तोवर भिंगबाईंच्या ओठावरची खपलीही पडून गेली होती. ओठ नव्यासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी सून बाहेरच्या खोलीत आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"आई, एक खरं सांगा. घेतला होतात?"

"आता कशाला ते?" मुलगा म्हणाला. "रिपोर्ट आला ना चांगला?"

"मला कळायला हवं."

भिंगबाईंना 'नाही' म्हणता आलं असतं. त्या दुपारी पाहणारं कोणी नव्हतं, रिपोर्टही त्यांच्याच बाजूचा होता. ते एवढंसं 'नाही' म्हटलं असतं तर नातू त्याच क्षणी मांडीवर आला असता, हे त्यांना दिसत होतं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा घेतला असंच धर. आणि गोळ्या मी मुद्दाम वाढवल्या. तूच डॉक्टरांना कमी करायला लावल्यास, असं वाटलं मला."

"मी?" सुनेचा आवाज चिरकला. "मी कशाला असं करेन?"

"नाही केलंस. पण वाटलं मला तसं."

सून खिडकीपाशी गेली. बाळाचं टोपडं तिने सोडून पुन्हा बांधलं. मग परत येऊन तिने बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि खुर्ची ओढून अगदी समोर बसली.

"मी बसते इथे."

"बस."

सुनेची नजर त्यांच्या तोंडावर खिळली होती. भिंगबाईंनी बाळाच्या मानेखाली हात घातला. ते कोमट, जड, झोपेला आलेलं होतं. त्याने जांभई दिली, तशी त्यांनी मान वळवून दाराकडे केली. थोड्या वेळाने मान अवघडली, तरी त्यांनी ती सरळ केली नाही.