नऊ वाजता, नक्की

आमच्या रस्त्यावर एकोणीस घरं आहेत आणि 'नाही' हा शब्द त्यातल्या एकाही घरात नाही. कुणी काही मागितलं की "हो हो, नक्की" म्हणायचं. करायचं नसेल तर करायचं नाही, पण तसं म्हणायचं मात्र नाही. मागणाऱ्यानंही सरळ मागायचं नाही. आधी काहीतरी भाजून न्यायचं, मक्याबद्दल बोलायचं, पावसाबद्दल बोलायचं, आणि निघता निघता दारात थबकून म्हणायचं, "एक बारीकशी गोष्ट होती, जमलं तर बघ." शिकागोचे पाहुणे म्हणतात, आयोवाची माणसं किती गोड. त्यांना काय जातंय म्हणायला? ते सोमवारी परत जातात.

मी एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसले. मक्याचा भरलेला ट्रक काट्यावर यायचा, रिकामा होऊन परत यायचा, मधला फरक मी लिहायचे. मक्यात ओल जास्त, तर भाव कमी. ओल किती ते सांगायला यंत्र होतं, पण मला यंत्राच्या आधी शेतकऱ्याच्या तोंडावरून कळायचं. ज्याचा मका ओला, तो माझ्या आईची चौकशी करायचा. आई जाऊन बारा वर्षं झाली तरी करायचा.

माणसाच्या शब्दातली ओल मला कळते, हे सांगायचं होतं. आणि कळत असूनही लायल ब्रूनिंगच्या तीन शब्दांवर मी माझा कुत्रा पणाला लावला.

रूडी तेरा वर्षांचा आहे. लांब कानांचा, तपकिरी. अर्धा बीगल, उरलेला अर्धा कोण ते त्याच्या आईलाच ठाऊक. आदल्या वर्षीच्या चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, शेजारी लायलच्या अंगणात दारूकाम सुरू झालं तेव्हा रूडीनं माझ्या न्हाणीघराची चौकट कुरतडली, दोन दात मोडून घेतले आणि उजाडेपर्यंत टबात थरथरत उभा राहिला. बसलासुद्धा नाही. सकाळी जनावरांच्या डॉक्टर सुटरबाईंनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"आर्डिस, याचं हृदय थकलंय," त्या म्हणाल्या. त्या आमच्या रस्त्यावर राहत नाहीत, म्हणून सरळ बोलतात. "असा आणखी एक चार जुलै याला झेपायचा नाही. गोळी देते, पण भीती शिरायच्या आधी ती पोटात गेली पाहिजे. दीड तास आधी. भीती बसल्यावर उपयोग नाही. आणि या हृदयाला दिवसात एकच चालेल. तेव्हा फटाके किती वाजता ते पक्कं माहीत करून घ्या."

मी मे महिन्यातच तयारीला लागले. फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत लावायची, अगदी हळू, आणि प्रत्येक बार वाजला की रूडीला चीजचा तुकडा द्यायचा. आवाजाची खुंटी एकवर ठेवून सुरुवात केली. तो कान टवकारून तुकडा खायचा. घाबरला की दुसऱ्या दिवशी एक आकडा खाली. जुलै उजाडेपर्यंत आम्ही सातवर पोचलो. तळघरात कपडे धुण्याच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं, खिडकीवर जाड रजई ठोकली, पंखा ठेवला. धुण्याचं यंत्र रोज संध्याकाळी लावायचे, म्हणजे त्या घरघरीत त्याला झोप लागायची. माझ्या नवऱ्याचा, हार्लनचा, जुना बनियन त्याच्या छातीभोवती घट्ट बांधून बघितला. घट्ट बांधलं की त्याला कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. गावचं दारूकाम मैलभर लांब तळ्यावर होतं, तो आवाज सातच्या आतला. सातच्या बाहेरचा म्हणजे लायल.

लायलचं घर माझ्या कुंपणाला लागून. पंचेचाळिशीचा माणूस, हिवाळ्यात न सांगता माझ्या दारातला बर्फ काढतो. जूनच्या अखेरीस मी ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा केक काचेच्या भांड्यात घालून त्याच्याकडे गेले. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव. आमच्याकडे भांडी फिरत असतात आणि कधी रिकामी परत येत नाहीत.

"अरे वा, आर्डिस! हे कशाला केलंत?"

"परसात ऱ्हुबार्ब फार माजलं होतं. वाया जाण्यापेक्षा..."

मग मका झाला. पाऊस झाला. दारात आले आणि थबकले.

"यंदा किती वाजता सुरू करणार रे? सहज विचारते. रूडी जरा घाबरतो."

"नऊ वाजता, नक्की. अंधार पडल्याशिवाय मजा काय?"

"त्याच्या आधी नाही ना?"

"छे, छे! तुम्ही काळजीच करू नका."

"काही बदललं तर सांग. पण मुद्दाम धावत येऊ नकोस हं."

हे शेवटचं वाक्य माझं. आणि ते 'जरा'सुद्धा माझंच. मोडलेले दोन दात आणि थकलेलं हृदय मी त्या 'जरा'मध्ये कोंबून, वर साखर भुरभुरून त्याच्या हातात दिलं. असा ट्रक कुणी काट्यावर आणला असता तर मी फाटकातूनच परत लावला असता.

चार जुलैला सकाळी रूडीला तीन मैल फिरवून आणलं, दमावा म्हणून. दुपारी तो झोपला. साडेसातला गोळी, मग तळघर, असं ठरलं होतं. पावणेसहाला, लख्ख उन्हात, त्याला अंगणात मोकळं व्हायला नेलं. कुंपणापलीकडे वीसेक खुर्च्या, भाजणाऱ्या सॉसेजचा धूर, आणि लायलचा मेहुणा ट्रॉय. हा डे मॉइनहून येतो, झेंड्याच्या कापडाची चड्डी घालतो आणि जिथं उभा राहील तिथं यजमान होतो.

रूडीनं पाय वर केला आणि पहिला बार उडाला.

आकाशात काही दिसलंच नाही. ऊन होतं ना. नुसता धूर आणि आवाज. सातच्या कितीतरी बाहेरचा आवाज. रूडीनं पट्ट्यातून डोकं मागं ओढलं आणि पट्टा माझ्या हातात राहिला. कुंपणाखालच्या फटीतून तो घुसला. पलीकडे लायलच्या तळघराचं बाहेरचं झाकण उघडं होतं, बिअर काढायला ठेवलेलं. घाबरलेला प्राणी खोल आणि काळोखी जागा शोधतो. तो थेट त्या भोकात गेला.

मी फाटकातून धावले. माझं वय बहात्तर आहे. धावले म्हणजे काय ते समजा.

"या, या, आर्डिस!" लायल प्लेट पुढं करत म्हणाला. "सॉसेज घ्या!"

"लायल, सहा वाजायचेत अजून!"

"हो ना! रडारवर आठ वाजता वादळ दाखवतायत. म्हटलं, त्याआधी उरकून घेऊ."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगणारच होतो. पण म्हटलं, सणाच्या दिवशी उगाच कशाला तुम्हाला त्रास. तुम्हीच म्हणालात ना, धावत येऊ नकोस..."

मी त्याच्या प्लेटला बगल देऊन खाली उतरले. तोही मागून आला. रूडी पाणी तापवायच्या टाकीमागं, भिंतीच्या फटीत रुतला होता. ओठ वर करून बघितलं, हिरड्या राखेसारख्या. श्वास मोजले: मिनिटाला नव्वद. डॉक्टरांना फोन लावला.

"हलवू नका," त्या म्हणाल्या. "अंधार करा, शेजारी बसा, हळू बोला. गोळी आता नको. आणि ते फटाके बंद करायला सांगा. आत्ता."

"ऐकलंस?" मी लायलला म्हटलं. त्याचं तोंड उतरलं होतं. "बंद कर."

"हो हो, नक्की," म्हणत तो वर धावला. झाकण उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"ट्रॉय, काय झालंय, शेजारच्या आर्डिसचा कुत्रा आलाय खाली, तो जरा... म्हणजे घाई नाही, पण जमलं तर थोडं..."

"हो हो, नक्की!" ट्रॉय म्हणाला आणि बार उडाला. मग आणखी एक. रूडीचं अख्खं अंग टाकीच्या पत्र्यावर आपटलं.

मी वर गेले.

एक गोष्ट लायलची मानली पाहिजे. आग लागलीच तर म्हणून त्यानं पाण्याची नळी आधीच जोडून, तोंडाला फवारा बसवून तयार ठेवली होती. मी ती उचलली. टेबलावर खोक्यांची चळत होती. पहिल्यांदा ती भिजवली. वरची, मधली, खालची, सावकाश, ट्रकचा एकेक कप्पा तपासावा तशी. मग गवतात रोवलेले, बार उडवायचे रिकामे नळे तोंडापर्यंत भरले.

"ए आजी! डोकं फिरलंय का?" ट्रॉय ओरडत मध्ये आला. मी नळी बाजूला घेतली नाही. "अहो, वर्षभराचं सामान आहे ते! एका कुत्र्यासाठी?"

"हो, एका कुत्र्यासाठी! खाली मरतोय तो, आणि तू तोंडानं 'नक्की' म्हणतोस आणि हातानं वात पेटवतोस!"

"मग नीट सांगायचं तरी!"

"आता सांगते. बंद. यापुढं एकही नाही. कुणाच्या खिशात असेल तर तोही बाहेर काढा, मी इथंच उभी आहे."

वीस माणसं खिसे चाचपू लागली. तिकडून कुणीतरी हळूच म्हणालं की बटाट्याच्या सॅलडमध्ये पाणी गेलं. गेलं असेल. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

खाली येऊन मी सिमेंटवर बसले आणि फटीत हात घालून रूडीच्या खांद्यावर ठेवला. थोड्या वेळानं लायलची बायको जोलीन आली. घडी घातलेले स्वच्छ टॉवेल होते ते सगळे धुण्याच्या यंत्रात कोंबले आणि यंत्र सुरू केलं.

"तुमच्याकडून रोज हाच आवाज येतो," ती पायरीवर बसत म्हणाली. "त्याच्यासाठीच ना?"

मी मान हलवली. माझा बोलण्याचा साठा वर संपला होता.

सात वाजता श्वास साठ. साडेसातला बेचाळीस. जोलीननं तेच टॉवेल दुसऱ्यांदा धुवायला लावले. आठनंतर हिरड्यांवर गुलाबी रंग परतू लागला. तिनं वरून चीजची बशी आणली. रूडीनं तुकडा हुंगला, तसाच ठेवला. पावणेनऊला खाल्ला.

आणि ते वादळ? आलंच नाही. उत्तरेकडून निघून गेलं. नऊ वाजता मी रूडीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून, जोलीननं एक टोक धरून, घरी आणलं, तेव्हा आभाळ इतकं स्वच्छ होतं की मला नळी घेऊन परत जावंसं वाटलं.

पुढचे नऊ दिवस कुंपणापलीकडून कुणी हात हलवला नाही. दहाव्या दिवशी माझं काचेचं भांडं ओसरीवर होतं. धुतलेलं, पुसलेलं, रिकामं. आमच्या रस्त्यावर याच्यापुढं फक्त वकिलाची नोटीस उरते.

मी तशीच, मोकळ्या हातांनी, त्याच्या दारात गेले.

"भांडं मिळालं. रिकामं."

"मुद्दाम रिकामं दिलं," लायल म्हणाला. आत या म्हणाला नाही. "जोलीन काकडीचं लोणचं घालून देत होती. मी देऊ दिलं नाही. वीस माणसांसमोर माझ्या मेहुण्यावर पाणी मारलंत तुम्ही."

"फटाक्यांवर मारलं. मेहुणा मध्ये आला."

तो हसला नाही. "रूडीचं हृदय अधू आहे, हे का नाही सांगितलंत? 'जरा घाबरतो' म्हणालात. जरा! मला काय स्वप्न पडणार होतं?"

हे लागलं, कारण खरं होतं. म्हणून मी आणखी चिडले.

"चुकलं माझं. पण तू वेळ बदललीस ते का नाही सांगितलंस?"

"कारण तुम्ही..." तो थांबला. मान लाल झाली होती. "कारण तुमचं तोंड पडलेलं बघायचं नव्हतं मला. बास."

"मग आता बघ. पुढच्या वर्षी तुझ्या अंगणात एकही फटाका नको."

"नाही," लायल म्हणाला.

चाळीस वर्षं मी या रस्त्यावर राहते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"नाही जमायचं," तो म्हणाला. "पोरं वर्षभर वाट बघतात. पण साडेनऊच्या आधी एकही नाही, दहाला बंद."

"ते मोठे नळे?"

"ते तळ्याकडं नेईन."

"ट्रॉय?"

"त्याला वेळ मी सांगेन."

"सांगशील? की जमलं तर बघ म्हणशील?"

"सांगेन!" तो ओरडलाच. "आणि साडेनऊचं काही बदललं तर दारात येऊन तुम्हालाही सांगेन, तुमचं तोंड पडो नाहीतर काही होवो!"

मी त्याच्याकडं नीट पाहिलं. ना मक्याबद्दल बोलला, ना पावसाबद्दल. माझ्या आईची चौकशीही केली नाही.

घरी आले. रूडी दारातच झोपला होता, त्याला ओलांडून स्वयंपाकघरात गेले, भांडं फडताळात ठेवलं. मग गोळ्यांच्या बाटलीला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं: चार जुलै, आठ वाजता.