शुक्रवारची पेटी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, डोमिनिकन रिपब्लिक या देशातल्या एका डोंगरगावात तुम्ही उभे आहात. समोर दोन लाकडी पेट्या, आत कोकोच्या ओल्या बिया, वर केळीची पानं. बिया आत आंबतात, गरम होतात. दर दोन दिवसांनी त्या फावड्याने उलथवायच्या, तेव्हा कुठे त्यांना चॉकलेटचा वास येतो.

दहा वर्षांची यादिरा या पेट्यांभोवतीच वाढली. तिची आई एनेइदा, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, बायकांच्या कोको-संघाची प्रमुख. बुरशी लागली म्हणून व्यापाऱ्याने दोनदा माल परत पाठवला होता. तिसऱ्यांदा तसंच झालं, तर तो दुसरं गाव बघणार होता. म्हणून शहरातून सल्लागार बोलावले, इंजिनियर ओविदिओ.

"साहेब, नव्या पेट्या घ्यायच्या ना?" आईने विचारलं.

"लाकूड धडधाकट आहे, दोन्या. आधी मला बघू द्या."

आणि ते बघतच राहिले. आठवडाभर.

"सल्ला द्यायला आलाय की कॉफी प्यायला?" संघातली मिगदालियामावशी कुजबुजली. "चौथा कप आहे हा!"

शेवटी साहेबांनी यादिराला दोन्ही पेट्यांत हात घालायला लावला. मंगळवारी भरलेली पेटी सगळीकडून सारखी ऊनऊन होती. शुक्रवारची मात्र मधे चटका देणारी आणि कोपऱ्यात गार, बुळबुळीत.

"का गं असं?"

यादिराला उत्तर ठाऊक होतं. "ही उलथवायची वेळ रविवारी येते. रविवारी चर्च, मग जेवण, मग डॉमिनोचे डाव. उलथवणार कोण? सोमवारी उलथवतात, तोवर कोपऱ्यात बुरशी धरते."

सगळ्या बायका आपापल्या चपलांकडे बघू लागल्या.

"मग रविवार मोडायचा?" आईचा आवाज चढला. "सांगा ना, साहेब!"

"दुखतं कुठे, ते शोधायला तुम्ही मला बोलावलंत. ते सापडलं. रविवार तुमचा आहे, त्याचं मी कसं ठरवू?"

मग मिगदालियामावशीच म्हणाली, "फळं फोडून पेटी शुक्रवारीच भरायची, असं कुठे लिहिलंय? गुरुवारी फोडू. शनिवारी उलथवू, मग सोमवारी."

"चालेल का, साहेब?" आईने विचारलं.

"छान चालेल. पण पेटी तापली की नाही, ते हातानेच बघायचं. मला फोन करून नाही."

साहेब गेले. गुरुवारी पेटी भरली. शनिवारी सकाळी मावशीने पान उचललं, जरा घुटमळली आणि खिशातून फोन काढला. "साहेबांना एकदा विचारूनच घेऊ."

यादिराने तो फोन तिच्या हातातून हळूच काढून खिडकीत ठेवला, बाही वर सारली आणि थेट कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातला.