पेटीसकट

तिने प्रवाशांच्या रकान्यात सत्तेचाळीस लिहिलं, सही ठोकली आणि कागद विमानात पाठवून दिला. थोड्याच वेळात टेबलावरचा वायरलेस खरखरला.

"ताई, इथे सेहेचाळीसच डोकी आहेत," कॅप्टन म्हणाला. "दोनदा मोजली."

"सत्तेचाळीस आहेत."

"अगं, मग सत्तेचाळिसावा कोण? पंखावर बसलाय का?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. सत्तेचाळिसावा बाहेर होता. सामानाच्या ट्रॉलीवर, ताडपत्रीखालच्या पेटीत. तिचा धाकटा भाऊ.

विमानाचं वजन जुळवण्यात तिचा जन्म गेला होता. असली चूक नवशिक्यासुद्धा करत नाही.

पलीकडे कॅप्टनच्याही ध्यानात आलं असावं. "सावकाश कर," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

प्रवासी: सेहेचाळीस.

माल:

इथे अडलं. प्रवाशांना कुणी काट्यावर उभं करत नाही. माणशी चौऱ्याऐंशी किलो धरायचे, मग तो पैलवान असो नाहीतर काडी. विमानाच्या पोटात जाणाऱ्याचं मात्र खरं वजन लागतं. तिने खिडकी सरकवून मुकादमाला हाक मारली.

"काका, किती भरलं?"

"अडुसष्ट."

"पेटी सोडून?"

मुकादमाने टोपी काढली. "पेटीसकट, पोरी."

तिने लिहिलं. सहाचं पोट दोनदा गिरवलं.

अंतर: अडीच हजार किलोमीटर, सगळं पाणी. या बेटावर दवाखाना, त्या बेटावर आई. उपचारांसाठी तो इथे आला त्याला आठ महिने झाले होते. आईचा फोन आला की तो उशीवरूनच 'सांगू नकोस' अशी खूण करायचा, आणि ती म्हणायची, "खातो गं चांगला. गाल वर आलेत." एकदा तिला ते जमेना, तेव्हा त्याने तिचा हात धरला होता. पकड अशी नव्हतीच. परवा तिने आईला कळवलं ते एवढंच: झोपेत गेला.

तिला सोबत जायचं होतं. पण बदली माणूस मिळाला नाही, आणि तिच्या सहीवाचून विमान हलत नाही.

वारा: समोरून. म्हणजे पाच तासांचे साडेपाच. समोरच्या वाऱ्याला तिने आजवर शिव्याच घातल्या होत्या. आज तिने तो आकडा हळुवारपणे लिहिला.

विमान ढगात शिरलं तरी ती खिडकीशीच उभी होती. फोन वाजला.

"निघाला?" आईने विचारलं.

"निघाला."

"किती वेळ लागेल?"

"साडेपाच तास."

"मी गादी घालून ठेवलीय. जरा वेळ घरात राहू दे त्याला."

"आई, ऐक ना." तिने फोन या कानाचा त्या कानाला लावला. "पेटी उघडू नकोस."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि आई त्या खुर्चीवर बसल्याचा.

"साडेपाच तास आहेत ना?" आई म्हणाली. "मग सांग. पहिल्या दिवसापासून सांग."