वेगळा कप

माझा नवरा सुदेश मला मस्कतला नेणार होता, पण मेडिकलमध्ये माझं हेपेटायटिस बी पॉझिटिव्ह आलं आणि व्हिसा अडकला. डोंबिवलीच्या घरी सासूबाईंनी माझा कप वेगळा केला आणि माझ्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरली, म्हणे. माळ बेंबीपर्यंत आली, त्यांनी पेढे वाटले. रिपोर्ट पुन्हा तोच!

नौपाड्याचे डॉक्टर म्हणाले, "हे कपाबिपाने पसरत नाही. पण घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा."

सासूबाईंचंही पॉझिटिव्ह आलं.

त्या संध्याकाळी चहा गाळून झाला, तरी त्या ओट्याशी उभ्याच.

"प्राप्ती, मी कुठला कप घेऊ गं?"

"माझाच घ्या," मी म्हटलं. "नाहीतरी त्याला दुसरं कुणी हात लावत नाही."